बेलरचे ते तीन सामने: २०१४ च्या वेळापत्रकाची किंमत

७ डिसेंबर २०१४ च्या रविवारी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या पहिल्यावहिल्या प्लेऑफसाठी, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीसाठी, चार संघांची नावं जाहीर झाली: अलाबामा, ओरेगन, फ्लोरिडा स्टेट आणि ओहायो स्टेट. पाचव्या क्रमांकावर होतं टेक्सासमधल्या वेको शहराचं बेलर विद्यापीठ, आणि जागा चारच होत्या. बारापैकी अकरा सामने जिंकलेला, बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचं संयुक्त विजेतेपद मिळवलेला संघ एका पायरीवरून परत फिरला.

तेव्हापासून या प्रकरणाचा निकाल एका वाक्यात लावला जातो: लिंबूटिंबू संघांशी खेळले, म्हणून गेले. हे वाक्य खोटं नाही, पण अर्धंच आहे. बेलरने ते तीन दुबळे प्रतिस्पर्धी घाबरून निवडले नव्हते. सहा वर्षांपूर्वीच्या एका अडचणीवर ते शोधलेलं उत्तर होतं आणि त्या अडचणीपुरतं ते बरोबरही होतं. मधल्या काळात प्रश्न बदलला, उत्तर मात्र तेच राहिलं. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते यासाठी.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. हे हेल्मेट घालून खेळलं जाणारं अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठांचे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेले असतात. नियमित मोसमात बहुतेक संघांना बारा सामने मिळतात. त्यातले आठ किंवा नऊ स्वतःच्या कॉन्फरन्समधल्या संघांशी असतात आणि ते कॉन्फरन्सच ठरवून देते. उरलेले तीन-चार सामने कोणाशी, कुठे आणि किती पैशांत खेळायचे हे विद्यापीठाचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर ठरवतो. एवढीच जागा त्याच्या हातात असते. मोठे करार अनेकदा पाच-सात वर्षं, कधी दहा वर्षं आधी होतात. सही करताना समोरचा संघ कसा आहे ते कळतं. खेळायच्या दिवशी तो कसा असेल हे कोणालाच सांगता येत नाही.

आता बेलरची २००८ सालची स्थिती बघा. १९९६ मध्ये जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स मोडली आणि बेलर नव्या बिग ट्वेल्व्हमध्ये गेलं. टेक्सास, ओक्लाहोमा, नेब्रास्का यांच्या पंगतीत ते सगळ्यात दुबळं होतं. तेव्हापासून २००९ पर्यंतच्या चौदा मोसमांत एकदाही त्यांचे विजय पराभवांपेक्षा जास्त झाले नाहीत. मोसमानंतरच्या बाउल सामन्यासाठी किमान सहा विजय लागतात, आणि तेवढेही कधी जमले नाहीत. प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स २००८ मध्ये आले. त्या वर्षी कॉन्फरन्सबाहेरचे चार प्रतिस्पर्धी होते वेक फॉरेस्ट, नॉर्थवेस्टर्न स्टेट, वॉशिंग्टन स्टेट आणि कनेटिकट. यातले तीन मोठ्या कॉन्फरन्समधले. वेक फॉरेस्टने बेलरला वेकोत येऊन ४१-१३ असं हरवलं, कनेटिकटने आपल्या मैदानावर ३१-२८ असं. मोसम संपला तेव्हा चार विजय आणि आठ पराभव. त्या दोन पराभवांच्या जागी दोन सोपे विजय असते, तर बेरीज बरोबर सहा झाली असती. पुढच्या वर्षीही चार विजयच झाले, आणि कनेटिकटने या वेळी वेकोत येऊन हरवलं.

बाउल सामना चुकला की नुसता एक सामना जात नाही. डिसेंबरातले सरावाचे जादा आठवडे जातात, टीव्हीवर दिसणं जातं, आणि शाळकरी खेळाडूंना आपल्याकडे ओढताना सांगण्यासारखं काही उरत नाही. ज्या संघाला चौदा वर्षं हे मिळालं नाही, त्याने आधी सहाचा आकडा गाठायचं ठरवलं तर त्यात नाव ठेवण्यासारखं काय आहे?

२०१० मध्ये तो आकडा गाठला गेला. नियमित मोसमात सात विजय: चार कॉन्फरन्समधले आणि तीन बाहेरचे. ते तिघे होते सॅम ह्यूस्टन स्टेट, बफेलो आणि राइस. बेलर १९९४ नंतर पहिल्यांदा बाउल सामना खेळलं. बाहेरचा चौथा सामना टीसीयूविरुद्ध, म्हणजे टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाविरुद्ध होता, आणि तो ४५-१० असा मोठ्या फरकाने गेला. तीन सोपे, एक अवघड असं ते वेळापत्रक त्या घडीला योग्यच होतं.

पुढच्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या, आणि माझ्या मते प्रकरणाची खरी मेख इथे आहे. पहिली अशी की नेब्रास्का आणि कोलोरॅडो बाहेर पडल्याने कॉन्फरन्समध्ये दहाच संघ उरले. मग प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं ठरलं. कॉन्फरन्सचे सामने आठाचे नऊ झाले आणि बाहेरच्या जागा चाराच्या तीन. दुसरी गोष्ट टीसीयूची. २०११ च्या सलामीला बेलरने टीसीयूला ५०-४८ असं हरवलं. त्या रात्रीपासूनच रॉबर्ट ग्रिफिन या क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूचं, नाव देशभर झालं आणि वर्षअखेरीस हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, त्याला मिळाली. कॉन्फरन्सबाहेरचा एक तगडा प्रतिस्पर्धी काय देऊ शकतो याचा बेलरइतका ताजा अनुभव दुसऱ्या कोणाकडे नसेल. पण २०१२ पासून टीसीयू स्वतःच बिग ट्वेल्व्हमध्ये आलं. यादीतला एकमेव अवघड सामना कोणी न काढताच निघून गेला, आणि त्या तोडीचा दुसरा कोणी यादीत आला नाही. २०१२ मध्ये एसएमयू (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ), सॅम ह्यूस्टन स्टेट आणि लुइझियाना-मन्रो. २०१३ मध्ये वॉफर्ड, बफेलो आणि पुन्हा लुइझियाना-मन्रो.

बाहेरच्या जगातही तेव्हाच बदल होत होता. जून २०१२ मध्ये विद्यापीठांच्या अध्यक्षांनी चार संघांच्या प्लेऑफला मंजुरी दिली. २०१४ च्या मोसमापासून संगणक आणि मतदान यांची जुनी सरमिसळ जाऊन माणसांची एक समिती संघ निवडणार होती. प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा हा तिच्या निकषांपैकी एक असेल हेही सांगितलं गेलं होतं. म्हणजे सूचना मिळून दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत तगडा प्रतिस्पर्धी मिळवणं सोपं नसतं हे खरं. बहुतेकांच्या तारखा भरलेल्या असतात आणि करार मोडायचा तर भरपाई द्यावी लागते. पण बेलर आता सहा विजयांसाठी झगडणारा संघ नव्हता. २०१३ मध्ये त्याने बिग ट्वेल्व्ह जिंकली होती.

इथे या बाजाराबद्दल सांगायला हवं, कारण सोप्या सामन्यांमागे पैसाही असतो. मोठं विद्यापीठ लहान विद्यापीठाला ठरावीक रक्कम देऊन आपल्या मैदानावर बोलावतं. परतीचा सामना नसतो. मोठ्याला घरचा सामना, तिकिटं आणि बहुधा विजय मिळतो. लहान विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं वर्षभराचं अंदाजपत्रक त्या धनादेशावर उभं राहतं. २००६ पासून बारावा सामना कायमचा मिळाला आणि खालच्या स्तरावरच्या एका संघाविरुद्धचा विजय दरवर्षी बाउलसाठी धरला जाऊ लागला, तेव्हा हा बाजार आणखी वाढला. २००७ मध्ये मिशिगनने अ‍ॅपलाचियन स्टेटला ४ लाख डॉलर देऊन बोलावलं आणि एक लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर ३४-३२ असा सामना गमावला. पाचव्या क्रमांकाचा संघ खालच्या स्तरावरच्या संघाकडून हरला! पण असं क्वचितच होतं, म्हणून बाजार चालतो.

बरोबरीच्या दोन संघांमध्ये करार वेगळा असतो. एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे. त्यात दर दोन वर्षांतून एकदा घरच्या सामन्याचं उत्पन्न सोडावं लागतं आणि हरण्याची शक्यता खरी असते.

बेलरचे २०१४ चे तीन सामने आता जवळून पाहू. पहिला ३१ ऑगस्टला, नव्या कोऱ्या मॅक्लेन स्टेडियमच्या उद्घाटनाचा. डॅलसहून ऑस्टिनला आय-३५ ने जाणाऱ्या मराठी मंडळींनी वेकोत ब्राझोस नदीकाठचं हे स्टेडियम पाहिलं असेल. प्रतिस्पर्धी होता डॅलसचा एसएमयू, साउथवेस्ट कॉन्फरन्सच्या काळापासूनचा शेजारी. एसएमयूला सरसकट लिंबूटिंबू म्हणणं अन्यायाचं आहे. २००९ ते २०१२ अशी सलग चार वर्षं तो संघ बाउल सामने खेळला होता. त्या काळात त्याच्याशी तारीख ठरवणाऱ्याला कोणी हसलं नसतं. २०१४ मध्ये मात्र तो कोसळला. प्रशिक्षकाने दोन सामन्यांनंतरच राजीनामा दिला आणि मोसमात एकच विजय मिळाला. बेलरने त्यांना ४५-० असं हरवलं. त्यातही क्वार्टरबॅक ब्राइस पेटीच्या पाठीला दुखापत झाली आणि तो पुढच्या सामन्याला मुकला.

पुढचा सामना नॉर्थवेस्टर्न स्टेटशी. हे लुइझियानातलं खालच्या स्तरावरचं विद्यापीठ. निकाल ७०-६. हा पैसे देऊन बोलावलेल्या पाहुण्याचा नेहमीचा सामना होता, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

तिसरा सामना मला सगळ्यात जास्त खटकतो. १२ सप्टेंबरला, शुक्रवारी रात्री, बेलर न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला जाऊन खेळलं. आदल्या वर्षी बफेलो वेकोत येऊन ७०-१३ असं हरलं होतं, आता परतीचा सामना होता. बरोबरीच्या संघांसाठी असलेला करार बेलरने मिड-अमेरिकन या लहान कॉन्फरन्समधल्या संघाशी केला होता. घरचा सामना सोडला, लांबचा प्रवास केला, ६३-२१ असा विजय मिळवला, आणि समितीच्या टेबलावर त्याचं वजन जवळपास शून्य. परगावी जायची तयारी होतीच, तर तीच दोन वर्षं मोठ्या कॉन्फरन्समधल्या मधल्या फळीतल्या संघाला देता आली असती. ओहायो स्टेट किंवा अलाबामाच हवं होतं असं नाही.

तीन सामने मिळून १७८-२७. या आकड्यांवरून बेलर किती चांगलं होतं हे कोणालाच कळत नव्हतं.

त्यानंतर ११ ऑक्टोबर. वेकोत टीसीयू ५८-३७ असं पुढे, सुमारे अकरा मिनिटं बाकी. बेलरने सलग २४ गुण मिळवले आणि शेवटच्या क्षणाच्या फील्ड गोलवर ६१-५८ असा सामना जिंकला. त्या वर्षीच्या सर्वोत्तम सामन्यांपैकी तो एक होता. आठवड्याने मॉर्गनटाउनला वेस्ट व्हर्जिनियाकडून ४१-२७ असा पराभव झाला, वर्षातला एकमेव. टीसीयूचाही एकच पराभव, तो बेलरकडूनच. २८ ऑक्टोबरला समितीची पहिली क्रमवारी आली, तेव्हा टीसीयू सातवं आणि बेलर तेरावं. ज्याला हरवलं तो सहा पायऱ्या वर!

समितीचे अध्यक्ष होते आर्कान्सा विद्यापीठाचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर जेफ लाँग. आठवड्यामागून आठवडे त्यांना हाच प्रश्न विचारला गेला आणि ते प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाकडे, विशेषतः कॉन्फरन्सबाहेरच्या सामन्यांकडे बोट दाखवत राहिले. टीसीयूचे बाहेरचे प्रतिस्पर्धी तरी कोण होते? सॅमफर्ड, एसएमयू आणि मिनेसोटा. म्हणजे दोन तर बेलरसारखेच. फरक फक्त मिनेसोटाचा. बिग टेन कॉन्फरन्समधला तो संघ टीसीयूकडून ३०-७ असा हरला आणि पुढे आठ विजयांसह त्याने नियमित मोसम संपवला. मिनेसोटा काही दिग्गज नव्हता, पण समितीपुढे ठेवायला पुरेसा होता.

६ डिसेंबरला बेलरने कॅन्सस स्टेटला ३८-२७ असं हरवलं. टीसीयूने आयोवा स्टेटला ५५-३ असं धुतलं. आणि इंडियानापोलिसमध्ये ओहायो स्टेटने, तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक खेळवून, बिग टेनच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनला ५९-० असं लोळवलं. दुसऱ्या दिवशी ओहायो स्टेट पाचवरून चारवर गेलं, बेलर सहावरून पाचवर, आणि टीसीयू तीनवरून थेट सहावर. बेलर आणि टीसीयू यांच्यातला निवाडा शेवटी आमनेसामनेच्या निकालावर झाला. पण चौथी जागा त्याआधीच गेली होती.

न्यायाने बोलायचं तर बेलरला केवळ त्या तीन सामन्यांनी बाहेर ठेवलं असं म्हणता येणार नाही. ओहायो स्टेटकडे तेरावा सामना होता. दहा संघांच्या बिग ट्वेल्व्हला तेव्हाच्या नियमांनुसार अंतिम सामना घेता येत नव्हता. कॉन्फरन्सने वर्षभर एकच खरा विजेता अशी जाहिरात केली आणि शेवटी दोघांना संयुक्त विजेते ठरवलं. शिवाय वेस्ट व्हर्जिनियाचा पराभव होताच. पण ओहायो स्टेटच्या पारड्यात काय होतं तेही पाहा. सप्टेंबरात व्हर्जिनिया टेककडून घरच्या मैदानावर ३५-२१ असा पराभव, आणि तो व्हर्जिनिया टेकचा संघ मोसमाअखेर जेमतेम ७-६, म्हणजे सात विजय आणि सहा पराभव. हा डाग बेलरच्या पराभवापेक्षा वाईट होता. तरीही तो धुतला गेला, कारण बाकीच्या यादीत सिनसिनाटी, नेव्ही, मिशिगन स्टेट, विस्कॉन्सिन अशी पुरावा म्हणून ठेवता येतील अशी नावं होती. तगडा सामना हरूनही त्यांना वर चढायला जागा राहिली. बेलर बाहेरचे तिन्ही जिंकलं आणि त्यातून त्याला काहीच मिळालं नाही.

पुढे ओहायो स्टेटने अलाबामाला ४२-३५ आणि ओरेगनला ४२-२० असं हरवून विजेतेपद मिळवलं, तेव्हा समितीची निवड योग्य होती असं बहुतेकांनी मानलं. बेलर कॉटन बाउलमध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध चौथ्या सत्रात वीस गुणांनी पुढे असताना ४२-४१ असं हरलं. टीसीयूने पीच बाउलमध्ये मिसिसिपीचा ४२-३ असा फडशा पाडला.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात जवळचा आधार पुढच्याच वर्षी मिळाला. २०१५ मध्ये ओक्लाहोमाने त्याच बिग ट्वेल्व्हमधून, अंतिम सामना नसताना, बेलरसारख्याच ११-१ अशा नोंदीवर प्लेऑफमध्ये चौथी जागा मिळवली. त्यांचा एकमेव पराभव टेक्सासकडून झाला होता, आणि त्या वर्षीचं टेक्सास अगदी सामान्य होतं. पण कॉन्फरन्सबाहेर त्यांनी नॉक्सव्हिलला जाऊन टेनेसीला दोन जादा डावांत ३१-२४ असं हरवलं होतं. त्या वर्षी पाचवा दावेदार २०१४ च्या ओहायो स्टेटइतका भक्कम नव्हता, हा फरक मान्य. तरी तेरावा सामना नाही म्हणून दार बंद, हे कारण एकट्याने पुरत नाही एवढं त्यातून नक्की दिसतं.

बेलरने २०१५ मध्ये एसएमयू, लामार आणि राइस हेच ठेवलं. मे २०१६ मध्ये त्याहून कितीतरी गंभीर गोष्ट समोर आली. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी विद्यापीठाने कशा हाताळल्या याच्या चौकशीनंतर ब्राइल्स यांना काढण्यात आलं आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टर इयन मकॉ यांनी राजीनामा दिला. त्यापुढे वेळापत्रकाचा विषय क्षुल्लकच. २०१७ मध्ये नव्या प्रशिक्षकाच्या हाताखालचा मोडकळीला आलेला संघ घरच्या मैदानावर लिबर्टीकडून ४८-४५ असा हरला. लिबर्टी तेव्हा खालच्या स्तरावर खेळत होतं. त्याच वर्षी बिग ट्वेल्व्हचा अंतिम सामना पुन्हा सुरू झाला. ड्यूकशी येण्या-जाण्याचा करारही २०१७ आणि २०१८ मध्ये खेळला गेला. बेलर दोन्ही हरलं.

करार आणि काळ यांचं नातं एसएमयूत सगळ्यात स्पष्ट दिसतं. २०१४ मध्ये एक सामना जिंकलेला तो संघ २०२४ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेला आणि पहिल्याच वर्षी बारा संघांच्या प्लेऑफमध्ये पोहोचला. त्याच प्लेऑफमध्ये इंडियानाही होतं. त्यांचे बाहेरचे सामने होते फ्लोरिडा इंटरनॅशनल, वेस्टर्न इलिनॉय आणि शार्लटशी, आणि लुइव्हिलशी ठरलेला सामना त्यांनी रद्द केला होता. जागा बारा असल्या की मोठ्या कॉन्फरन्समधल्या ११-१ संघाला फारसं कोणी अडवत नाही. आजच्या नियमांत २०१४ चं बेलर आणि टीसीयू दोघंही आरामात आत गेले असते. त्यामुळे आता अनेक अ‍ॅथलेटिक डायरेक्टर अवघड सामना घ्यायचाच कशाला असं विचारतात, आणि त्यांच्याकडे इंडियानाचं उदाहरण आहे.

बेलरने मात्र याच काळात उलटी वाट धरली. २०२५ च्या सलामीला त्यांनी ऑबर्नला वेकोत बोलावलं आणि ३८-२४ असा पराभव पत्करला. आठवड्याने डॅलसला जाऊन क्रमवारीतल्या एसएमयूला दोन जादा डावांत ४८-४५ असं हरवलं. तिसरा सामना सॅमफर्डशी, तो सहज जिंकला. मोसम संपला तेव्हा पाच विजय आणि सात पराभव झाले होते. बाउल सामना एका विजयाने हुकला. ऑबर्नच्या जागी नॉर्थवेस्टर्न स्टेट असतं तर सहा झाले असते.